खोटं पकडणारं यंत्र आणि दाढीचं ब्लेड : १९३८ सालची एक जाहिरात

फाउंटनपेन
फोर्टात फुटपाथवर जुनी मासिकं मांडून बसणारे आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. त्यांच्यातल्या एकाकडे गेल्या शनिवारी 'लाइफ' या अमेरिकन साप्ताहिकाचा २१ नोव्हेंबर १९३८ चा अंक मिळाला. मधली चार पानं गायब, कडा बिस्किटासारख्या तुटतात. घरी येऊन चाळताना एका पानावर हात थांबला.

जिलेट ब्लेडची जाहिरात. मथळ्याचा भावार्थ असा : लाय डिटेक्टरनं सगळं सांगून टाकलं, दाढीच्या ब्लेडबद्दलची थक्क करणारी सत्यं उघड! गडी यंत्राला जोडलेला आहे आणि त्याच अवस्थेत दाढी करतोय. सोबत डॉ. विल्यम मोल्टन मार्स्टन, लाय डिटेक्टर चाचणीचे जनक म्हणून ओळख करून दिलेले. सांगायचंय ते एवढंच, की अर्धा गाल आमच्या ब्लेडनं करा, अर्धा दुसऱ्याच्या, आणि तुमच्या मनाला काय वाटलं ते तुमचं रक्त आम्हाला सांगेल.

मी बत्तीस वर्षं जाहिरातींचा मजकूर लिहिला. पांढरा कोट घातलेला मॉडेल उभा करून टूथपेस्ट विकली आहे, त्याची मला आजही टोचणी आहे. म्हणून हे पान बघून मनात आलं ते विचारते. हे यंत्र आधी पोलिसांचं होतं आणि मग जाहिरातवाल्यांनी उचललं, की ते पहिल्यापासूनच विकण्याची वस्तू होतं? ज्यांचा अभ्यास आहे त्यांनी लिहा.

रानजाई
ताई, फार छान विषय. बैठक मारून बसलेय. पानाचा फोटो टाका ना.

बखरवाचक
ताई, प्रश्न नेमका आहे, पण उत्तर एका ओळीत मावणारं नाही. या यंत्राला बाप एक नाही, तीन आहेत, आणि तिघांचं आपसात पटत नव्हतं.

त्याआधीचं थोडं. नाडी आणि रक्तप्रवाह मोजून गुन्हेगार ओळखायचा प्रयत्न इटलीत लोम्ब्रोझोनं १८९५ च्या सुमारास केला होता. ऑस्ट्रियात ग्राझ इथे बेनुसीनं १९१४ मध्ये श्वासाच्या लयीवर काम केलं. मार्स्टन तेव्हा हार्वर्डमध्ये ह्यूगो म्युन्स्टरबर्ग या जर्मन मानसशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकत होता. चिडले की आपला रक्तदाब चढतो, असं त्याची बायको एलिझाबेथ हिच्या लक्षात आलं आणि तिथून कल्पनेला दिशा मिळाली, असं सांगतात. १९१५ पासून त्यानं प्रयोग केले, १९१७ मध्ये निबंध छापला. त्याचं साधन म्हणजे डॉक्टर वापरतात तोच दंडाचा पट्टा. प्रश्न विचारायचे, मधून मधून पट्टा फुगवून वरचा आकडा टिपायचा. बस.

दुसरा जॉन लार्सन. कॅलिफोर्नियात बर्कली इथला पोलीस शिपाई, पण शरीरक्रियाशास्त्रात पीएचडी! तिथला पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर सुधारक वृत्तीचा. संशयितांना मारहाण करून कबुली घेण्याची पद्धत त्याला मोडायची होती. लार्सननं १९२१ मध्ये रक्तदाब आणि श्वास सलग नोंदवणारं यंत्र बांधलं. काजळी धरलेल्या कागदावर काटे रेघा ओढायचे. पहिलं मोठं प्रकरण विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहातल्या चोऱ्यांचं. सगळ्या मुलींना एकेक करून बसवलं. एक जण इतकी भडकली की तिनं अंगावरचं सगळं ओरबाडून काढलं. पुढे कबुलीही तिनंच दिली. आणि ज्या मुलीची अंगठी चोरीला गेली होती, तिच्याशी लार्सननं पुढच्या वर्षी लग्न केलं.

तिसरा लिओनार्ड कीलर, लार्सनचाच शागीर्द. त्यानं यंत्र पेटीत बसवलं, काजळीच्या जागी शाई आणली, १९३१ मध्ये पेटंट मिळवलं. नंतर त्वचेचा विद्युतरोध मोजायची सोयही जोडली. आज पॉलिग्राफ म्हणून जे दिसतं त्याचा सांगाडा त्याचा आहे.

आता ताईंच्या प्रश्नाकडे. लार्सननं आपल्या यंत्राला 'लाय डिटेक्टर' म्हटलं नव्हतं. त्यानं दिलेलं नाव हृदय, श्वास आणि मन तिन्ही गुंफलेलं, जिभेला पीळ पडेल असं होतं. 'लाय डिटेक्टर' हे वर्तमानपत्रांनी रूढ केलं. म्हणजे यंत्राचं नावच मथळ्याच्या मापानं बेतलेलं.

सदूभाऊ_लातूर
शिपाई आणि पीएचडी! व्होल्मरसाहेबांना सलाम.

नाडीपरीक्षा
डॉक्टर म्हणून एक मूलभूत गोष्ट आधीच लिहून ठेवतो, कारण पुढची सगळी चर्चा तिच्यावर उभी आहे. शरीरात खोट्याची वेगळी अशी खूणच नाही. भीती वाटली, राग आला, लाज वाटली, अपमान झाला, की तीच मज्जासंस्था जागी होते. हृदय जोरात चालतं, तळवे ओलावतात, श्वास आखडतो. यंत्र जे मोजतं ते अगदी खरं मोजतं. त्याचा अर्थ लावतो तो समोर बसलेला माणूस.

माझ्या दवाखान्यात रोज दोन-तीन पेशंट असे येतात, ज्यांचा घरी १२५ असलेला रक्तदाब माझ्या खुर्चीत १५० होतो. पट्टा दंडाला लागला की चढलाच. ते खोटं बोलत नसतात, मला घाबरत असतात. मग ज्याच्यावर चोरीचा आळ आहे त्याचं काय होत असेल?

परसातलीजास्वंद
आमची आजी बिरबलाची गोष्ट सांगायची. सगळ्या नोकरांना सारख्या लांबीच्या काठ्या देतो, चोराची काठी रात्रीत बोटभर वाढेल म्हणतो, आणि चोर ती बोटभर कापून आणतो. चोराच्या मनात चांदणं! ते यंत्र आणि ही काठी एकच ना?

बखरवाचक
जास्वंदताई, फार जवळ गेलात. काठी वाढत नाही हे बिरबलाला ठाऊक असतं, वाढते असं चोराला वाटावं लागतं.

पण आपल्याकडची दुसरी परंपराही आठवा. वतनाच्या भांडणात रवादिव्य करायचे. उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा हातानं काढायचा, मग हातावर पिशवी बांधून मोहोर करायची, दोन-तीन दिवसांनी गोतसभेपुढे सोडून बघायची. हात भाजलेला दिसला तर दावा खोटा. मराठेशाहीतल्या महजरांत, म्हणजे निवाड्याच्या कागदांत, अशा नोंदी सापडतात. तिथेही अंगच साक्ष देणार असं धरलेलं आहे, आणि निकाल मात्र पिशवी सोडून बघणारे देतात.

काळाकोट
कायद्याच्या विद्यार्थ्यांना मार्स्टन वेगळ्याच कारणानं माहीत असतो. वॉशिंग्टनमध्ये डॉ. ब्राउन यांच्या खुनाबद्दल जेम्स फ्राय या तरुणावर खटला झाला. त्यानं कबुली दिली, मग फिरवली. मार्स्टननं १९२२ मध्ये त्याची तुरुंगात चाचणी घेतली आणि तो निर्दोष असल्याचं सांगायची तयारी दाखवली. न्यायाधीशांनी ती साक्ष घेतली नाही. अपील डिसेंबर १९२३ मध्ये फेटाळलं गेलं. निकाल जेमतेम दोन पानांचा, पण अमेरिकेत त्यानं सत्तर वर्षं राज्य केलं : शास्त्रीय पुरावा त्या शास्त्राच्या जाणकारांत सर्वमान्य झालेला असेल तरच कोर्टात चालेल. संघराज्याच्या कोर्टांत हा निकष १९९३ मध्ये बदलला, काही राज्यांत अजूनही आहे.

ठाण्याचातन्मय
आणि नंतर खरा खुनी सापडला आणि फ्राय सुटला ना? म्हणजे मार्स्टनचं यंत्रच बरोबर होतं! कोर्टानं अन्याय केला.

काळाकोट
तन्मय, ही कहाणी अनेक पुस्तकांत छापली गेली आहे, पण ती खरी नाही. दुसरा कुणी कबूल झाला नाही, फ्राय निर्दोष ठरून सुटला नाही. तो १९३९ मध्ये पॅरोलवर बाहेर आला. ती कहाणी पसरवण्यात मार्स्टनचाच मोठा हात होता, आणि मला वाटतं ताईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. कोर्टात हरलेला खटला त्यानं मासिकांत आणि पुस्तकात जिंकला.

ठाण्याचातन्मय
धन्यवाद. मी हे कॉलेजात शिकवलेलं ऐकलं होतं. आता सरांना पाठवतो.

चित्रकथी
अहो, मार्स्टन म्हणजे वंडर वुमनचा जनक! हे अजून कुणी कसं लिहिलं नाही?

१९४० मध्ये 'फॅमिली सर्कल' या मासिकात त्याची कॉमिक्सबद्दल मुलाखत आली. ती वाचून प्रकाशक गेन्सनं त्याला सल्लागार नेमलं. मुलाखत घेणारी 'ऑलिव्ह रिचर्ड' म्हणजे ऑलिव्ह बर्न, जी मार्स्टन आणि एलिझाबेथबरोबर त्यांच्याच घरात राहत होती. मार्स्टनची मुलं दोघींची. १९४१ च्या शेवटी वंडर वुमन छापून आली, लेखकाचं नाव चार्ल्स मोल्टन. तिच्याकडे सोनेरी फास आहे. त्यात जो सापडेल त्याला तिचं ऐकावंच लागतं आणि खरं बोलावंच लागतं. दंडाला आवळलेला पट्टा आणि कमरेला आवळलेला फास! प्रयोगशाळेत जे जमलं नाही ते त्यानं चित्रात जमवलं.

पण मला तो माणूस निव्वळ भोंदू वाटत नाही, हे मनापासून लिहिते. बायकांना सत्तेत वाटा मिळायला हवा हे तो १९४० च्या आसपास जाहीरपणे म्हणत होता. मी आठ वर्षांची असताना मावशीनं ते कॉमिक आणून दिलं. मारामारी करणारी आणि कुणाला न घाबरणारी बाई मी पहिल्यांदा त्यात पाहिली.

फाउंटनपेन
चित्रकथी, हे लिहिलंस ते बरं केलंस. माणूस एका रंगाचा नसतो.

दोन दिवस मीही वाचत होते. जिलेटच्या दहा वर्षं आधीचा त्याचा एक प्रयोग सापडला. जानेवारी १९२८, न्यूयॉर्कचं एम्बसी थिएटर. रंगमंचावर काम करणाऱ्या सोनेरी केसांच्या आणि काळ्या केसांच्या मुली बसवल्या, ग्रेटा गार्बोच्या सिनेमातले प्रेमप्रसंग दाखवले, दंडाला पट्टे लावले. काळ्या केसांच्या मुली जास्त भावुक, असा निष्कर्ष. पत्रकारांना आधीच बोलावून ठेवलेलं. वर्षअखेरीला युनिव्हर्सल स्टुडिओनं त्याला नोकरीच दिली. १९३८ च्या डिसेंबरात 'लुक' मासिकात याच पट्ट्यानं नवरा-बायकोंच्या प्रेमाची परीक्षा. त्याच वर्षी त्याचं पुस्तक. आणि त्याच वर्षी हे माझ्या हातातलं पान.

जाहिरातवाली म्हणून सांगते, हे नियोजन आहे. पुस्तक, मासिकातला लेख आणि उत्पादनाची जाहिरात एकाच हंगामात आणायची, म्हणजे एकानं दुसऱ्याला धक्का द्यायचा. आम्हीही हेच करायचो.

हडसनकाठ
न्यू जर्सीहून लिहितोय. इथल्या बहुतेकांनी हे यंत्र टीव्हीवर पाहिलं असेल. मी त्याच्या खुर्चीत बसलोय.

१९८४. शिकायला येऊन वर्षही झालं नव्हतं. संध्याकाळी एका औषधांच्या दुकानात गल्ल्यावर काम करायचो. दुकानाचं नाव लिहीत नाही. एका आठवड्यात हिशोबात चाळीस डॉलर कमी भरले. मालकानं आम्हा चौघांनाही सांगितलं, चाचणी द्या. नाही म्हणायची सोय कागदावर होती, खिशात नव्हती. दोन महिन्यांचं भाडं थकलेलं.

पेट्रोल पंपाच्या वरच्या मजल्यावर छोटं ऑफिस. छातीला एक आणि पोटाला एक अशा दोन रबरी नळ्या, सुरकुत्या असलेल्या. दोन बोटांना धातूच्या पट्ट्या, उजव्या दंडाला पट्टा. तो पट्टा डॉक्टरांसारखा लगेच सोडत नाहीत, प्रश्न संपेपर्यंत फुगलेलाच ठेवतात. तिसऱ्या प्रश्नाला माझी बोटं बधिर झाली, नखं निळसर दिसायला लागली. मागे कागद सरकायचा आवाज. बाकी खोलीत काहीच आवाज नाही.

पैशांबद्दल विचारण्याआधी त्यानं एक खेळ केला. पत्त्यांतून एक ओढायला लावला, मनात ठेव म्हणाला, मग एकेक पत्त्याचं नाव घेऊन विचारलं आणि मी प्रत्येकाला 'नाही' म्हणायचं. कागद बघून म्हणाला, 'इस्पिकची सत्ती.' बरोबर होतं. माझ्या पोटात गोळा आला. हा माणूस आता आत वाचू शकतो, असं मला खरंच वाटलं. गावाकडे दहा वर्षांचा असताना आईच्या पाकिटातून चार आणे घेतले होते, ते मी त्याला सांगून टाकलं!

मी 'पास' झालो. आमच्यातला एक पोर्तो रिकोचा मुलगा 'नापास' झाला. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. त्याच संध्याकाळी त्याला काढलं. त्याची आई नंतर दुकानात आली होती, इंग्रजी येत नव्हतं, नुसती उभी राहिली.

रानजाई
काका, वाचून गलबललं.

नाडीपरीक्षा
काका, पट्टा तसा फुगलेला ठेवल्यावर बोटं निळी पडणारच. आणि तो वेदनेचा ताणही आलेखात मिसळतो.

काळाकोट
काका, तुमच्यानंतर चारच वर्षांनी, १९८८ मध्ये, अमेरिकेत कायदा आला. खासगी मालकाला नोकरांची किंवा उमेदवारांची अशी चाचणी घ्यायला बहुतांश बंदी झाली. सरकारी खाती आणि काही मोजके अपवाद वगळले. तोवर हा केवढा धंदा होता हे लक्षात घ्या. कीलरनं १९३० च्या दशकातच शिकागोच्या बँकांत कर्मचाऱ्यांच्या चाचण्या सुरू केल्या होत्या. कोर्टानं दार लावलं, ते यंत्र नोकरीच्या दारातून आत आलं.

मार्केटयार्ड
जरा दुसरी बाजू मांडू द्या, कारण धागा एकाच दिशेला वाहायला लागलाय. मी बाजार संशोधनात आहे. नाशिक, सोलापूर, कोल्हापूर करत लोकांना जाहिराती दाखवून मतं घेतो. सांगतो, लोक तोंडावर खरं बोलत नाहीत. त्यांचा वाईट हेतू नसतो. समोरच्या पोराला बरं वाटावं म्हणून 'छान आहे हो' म्हणतात. सोलापुरात एका मावशींनी साबणाची जाहिरात अतिशय आवडली म्हणून सांगितलं, चहा पाजला, आणि निघताना विचारलं, 'ती मसाल्याची होती ना रे?'

त्यामुळे त्वचेचा विद्युतरोध, डोळ्यांची हालचाल असं मोजणं आम्हाला उपयोगी पडतं. जाहिरातीच्या कोणत्या सेकंदाला माणूस सावध झाला, नजर कुठे गेली, एवढं कळतं. मार्स्टनची कल्पना मुळात चूक नव्हती. लोकांना विचारण्याबरोबर त्यांचं अंगही बघावं, हे आज जगभर करतात.

फाउंटनपेन
मार्केटयार्ड, इथे मी तुझ्याशी अर्धी सहमत आहे. अंग सावध झालं एवढं कळतं, हे तू स्वतःच लिहिलंस. आवडलं म्हणून सावध झालं की किळस आली म्हणून, हे कळत नाही ना? मार्स्टननं नेमकं तेच कळतं म्हणून विकलं. ब्लेडनं गाल ओढला की आलेख उसळतो, इथवर मानते. पण त्यावरून मन अमुक कंपनीला कौल देतं, ही उडी कशी मारायची?

आणि आकड्यांचं काय झालं तेही वाच. एफबीआयच्या डेट्रॉइट कार्यालयानं १९३९ मध्ये या ब्लेडच्या चाचण्यांबद्दल मुख्यालयाला अहवाल पाठवला. दहांतले नऊ पुरुष जिलेटकडे झुकतात असं दाखवायचं होतं, प्रत्यक्ष चाचण्यांत साधारण निम्मे-निम्मे निघाले, असा त्याचा आशय. एफबीआयप्रमुख एडगर हूव्हरनं त्यावर शेरा मारला की हा माणूस ढोंगी आहे असं मला पहिल्यापासून वाटत होतं. हूव्हर काही सत्याचा पुतळा नव्हता, पण हा शेरा कागदावर आहे.

मार्केटयार्ड
ताई, निम्मे-निम्मे असेल तर तो निकाल नसून नाणेफेक आहे. मान्य. आमच्याकडे असा अहवाल गेला तर मोहीम थांबते. थांबायला तरी हवी.

फाउंटनपेन
'थांबायला तरी हवी' हे प्रामाणिकपणे लिहिलंस म्हणून आभार.

बाकी जिलेटला तेव्हा दिवस वाईट होते, धंदा घसरला होता. पुढच्याच वर्षी त्यांनी एक लाख डॉलर मोजून बेसबॉलच्या वर्ल्ड सीरिजच्या रेडिओ प्रक्षेपणाचं प्रायोजकत्व घेतलं आणि तिथून खेळाच्या जाहिरातींचा मार्ग धरला. म्हणजे मानसशास्त्रज्ञ गेला, बेसबॉल आला. रेडिओनं त्यांना जे दिलं ते लाय डिटेक्टरनं दिलं नाही.

कॉर्पोरेटकावेरी
अरे हो, अजून एक! ऑफिसात 'डिस्क' नावाची व्यक्तिमत्त्व चाचणी होते ना, चार अक्षरांची, तुम्ही 'डी' की 'एस' वगैरे? तीही मार्स्टनच्याच १९२८ च्या पुस्तकावरून आली आहे. वर्चस्व, प्रभाव पाडणं, नमतं घेणं, नियम पाळणं अशा त्याच्या चार वृत्ती होत्या. चाचणी नंतर दुसऱ्यांनी बनवली. हिंजवडीत आमच्या टीमला दर वर्षी ती भरावी लागते. माझं 'सी' येतं आणि मला खरंच याद्या करायला आवडतात.

सदूभाऊ_लातूर
एका माणसाचे वंडर वुमन, दाढीचं ब्लेड आणि हिंजवडी. काय आयुष्य म्हणायचं!

काचपट्टी
निवृत्त आहे. एका सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत वीसेक वर्षं काढली, त्यातली सहा पॉलिग्राफच्या विभागाशेजारी. माझं काम रक्ताचं, तरी तिकडची माणसं रोज जेवायला एकत्र.

भारतातली परिस्थिती स्पष्ट लिहितो, कारण वर्तमानपत्रांत रोज 'आरोपीची लाय डिटेक्टर चाचणी होणार' अशा बातम्या येतात. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी खटल्यात सांगितलं की संमतीशिवाय कुणाचीही पॉलिग्राफ, नार्को किंवा ब्रेन मॅपिंग चाचणी घेता येणार नाही. घटनेच्या कलम २०(३) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार बनायची सक्ती करता येत नाही. संमती दिली तर ती मॅजिस्ट्रेटपुढे नोंदवावी लागते, वकील मिळायला हवा. आणि संमतीनं घेतलेल्या चाचणीचा निकालही पुरावा म्हणून धरत नाहीत. त्यातून एखादी वस्तू वगैरे सापडली, तर तेवढी पुराव्यात येऊ शकते. त्याआधी २००८ मध्ये पुण्याच्या एका कोर्टानं खुनाच्या खटल्यात मेंदूच्या अशा चाचणीचा आधार घेऊन शिक्षा सुनावली होती आणि जगभर त्याची चर्चा झाली होती.

शेजारच्या विभागात मी जे पाहिलं ते एवढंच. कबुल्या यायच्या त्यांतल्या बऱ्याच यंत्र चालू होण्याआधी यायच्या. माणूस बाहेरच्या बाकावर बसलेला असायचा. दार उघडं राहिलं की त्याला टेबलावरच्या तारा दिसायच्या. एकदा एकानं पाणी मागितलं, पेला हातात घेतला, आणि 'साहेब, बोलावून घ्या, सांगतो' म्हणाला. पट्टा अजून पेटीतच होता.

परसातलीजास्वंद
बिरबलाची काठी!

नाडीपरीक्षा
काचपट्टी यांच्या अनुभवाला आकड्यांची जोड देतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं २००३ मध्ये मोठा अहवाल छापला. विशिष्ट घटनेबद्दल विचारलं तर ही चाचणी नाणेफेकीपेक्षा बरीच चांगली, पण अचूकतेपासून बरीच लांब, असं त्यांना आढळलं. सरसकट कर्मचाऱ्यांवर वापरली तर काय होतं याचं त्यांचं उदाहरण मी विद्यार्थ्यांना सांगतो. १०,००० कर्मचारी, त्यात १० हेर. दहापैकी आठ सापडतील इतकी चाचणी कडक केली, तर त्या आठांबरोबर सुमारे १,६०० निरपराध माणसंही 'खोटी' ठरतात. त्या सगळ्यांतले आठ कोण, हे यंत्र सांगत नाही. आणि सीआयएचा ऑल्ड्रिच एम्स सोव्हिएत संघाला गुपितं विकत असताना १९८६ आणि १९९१ अशा दोन्ही चाचण्या पार करून गेला.

काकांच्या दुकानात तर चौघंच होते.

ठाण्याचातन्मय
मग २००९ मध्ये 'सच का सामना' लागायचा तेव्हा आपण सगळे का बघत होतो? आमच्या घरी रात्री साडेदहाला आजोबासुद्धा जागे असायचे. खुर्चीतला माणूस बायकोसमोर उत्तर देणार आणि एक आवाज 'सच' की 'झूठ' सांगणार. तो आवाज चुकू शकतो असं आमच्यात एकालाही वाटलं नाही.

चित्रकथी
आमच्याकडेही हेच. ती सगळी उत्तरं चाचणीत आधीच दिलेली असायची, स्टुडिओत फक्त पुन्हा विचारायचे. म्हणजे १९२८ चं एम्बसी थिएटरच ते. पत्रकारांच्या जागी आपण.

बखरवाचक
ताईंच्या मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण तो अर्धाच सुटला आहे. 'पहिल्यापासून विकण्याची वस्तू होतं का?'

माझं उत्तर : लार्सनच्या हातात नव्हतं. त्याला खरोखर मारहाण थांबवायची होती. पण तो बर्कलीत असतानाच, १९२१ च्या ऑगस्टमध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वर्तमानपत्राच्या पुढाकारानं हायटॉवर या खुनाच्या आरोपीची चाचणी झाली आणि आलेख पेपरात झळकला. पहिल्याच वर्षी! लार्सन पुढे मनोविकारतज्ज्ञ झाला आणि या यंत्राच्या वापराविरुद्ध आयुष्यभर बोलत राहिला. १९६१ मध्ये त्यानं लिहून ठेवलं की हे शास्त्रीय संशोधन फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस झालं आणि त्याच्याशी लढण्यात माझी चाळीसहून अधिक वर्षं गेली. कीलरनं १९४८ मध्ये एका हॉलिवूडपटात स्वतःचीच भूमिका केली, यंत्रासकट. मार्स्टननं ब्लेड विकलं. तिघांत जो खरा संशोधक होता, त्याचं नाव आज सगळ्यांत कमी लोकांना माहीत आहे. मला याचं फार वाईट वाटतं.

फाउंटनपेन
बखरवाचक, लार्सनबद्दलचं हे वाचून मी पान परत काढून पाहिलं. त्यावर त्याचं नाव कुठेच नाही. जनक म्हणून छापलंय ते मार्स्टनचं.

माझ्यापुरतं उत्तर मिळालं. यंत्राला चालायला आधी समोरच्याचा विश्वास लागतो, आणि तो विश्वास तयार करणं हे माझ्या धंद्याचं काम आहे. म्हणून जाहिरात त्याला नंतर चिकटलेली नाही, ती त्याच्या आतच होती. लार्सनच्या मनात नसली तरी. टूथपेस्टच्या त्या मॉडेलच्या खिशात स्टेथोस्कोप ठेवायची सूचना माझी होती, हेही इथे लिहून टाकते.

हडसनकाठ काका, एक विचारू? तो पत्त्यांचा खेळ. कीलर हाच खेळ करायचा, हे मला वाचताना सापडलं. यंत्र चुकत नाही हे समोरच्याच्या मनावर ठसवायला. टीकाकारांनी असंही लिहिलंय की बरेच परीक्षक खुणेचे किंवा आधीच लावून ठेवलेले पत्ते वापरायचे, म्हणजे ओळखायला कागदाकडे बघायची गरजच नाही. तुम्हाला उरलेले पत्ते दाखवले होते का?

हडसनकाठ
ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला. लगेच लिहू शकलो नाही.

पत्ते त्यानंच पिसले. माझ्यासमोर पंख्यासारखे धरले, सगळे पालथे. मी एक ओढला, बघितला, परत दिला. त्यानं तो मध्ये घातला आणि गड्डी रबर लावून खणात टाकली. उरलेला एकही पत्ता मी सुलटा पाहिला नाही.

त्या मुलालाही बहुतेक इस्पिकची सत्तीच आली असणार. खाली पंपाशी आम्ही दोघं आपापली पाळी येईपर्यंत उभे होतो. माझी झाल्यावर मी खाली आलो आणि त्याला म्हणालो होतो, 'खरं ते सांग, त्याला सगळं कळतं.'